फातिमाने विचारलेला प्रश्न

आमच्या घरात रक्ताचं कुणाला नवल नव्हतं. माझा घोळणा फुटला की अम्मी डोक्यावर गार पाणी ओतायची, नानी कांदा फोडून नाकाशी धरायची आणि तासाभराने सगळे आपापल्या कामाला लागायचे. नानीचाही घोळणा फुटायचा, अम्मीचाही. टेबलाचा कोपरा लागला तरी दुसऱ्या दिवशी पायावर जांभळाएवढा डाग उठायचा. एखाद्या घरात सगळ्यांचेच केस कुरळे असतात, तसंच हे आमचं असेल, असं मी धरून चालले होते.

सातवीत असताना आमच्या बाईंनी ते डाग पाहिले. मला वर्गाबाहेर नेऊन हळूच विचारलं, "घरी मारतात का गं तुला? अब्बा मारतात?" मी नाही म्हणाले. त्यांना पटलं नाही. "तुमच्यात..." एवढं म्हणून त्या थांबल्या. ते अर्धं वाक्य मी घरी कधीच सांगितलं नाही. अब्बांनी मला जन्मात बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून शाळेत जायला लागले. लपवायला मी तेव्हा शिकले.

तेराव्या वर्षी पाळी आली. पहिलीच बारा दिवस चालली, दुसरी चौदा. शाळेची सलवार पांढरी. एकावर एक दोन पॅड, त्यावर जुन्या ओढणीची घडी, आणि मधली सुट्टी होईपर्यंत बाकावरून उठायचं नाही, असा माझा नियम होता. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "औरतां कू ऐसाच आता बेटी. मेरे कू बी ऐसाच आता." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसंच होत आलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. वयात येताना असं होतं, लग्न झालं की ठीक होईल, म्हणाले. दोन वर्षं त्या गोळ्या खाल्ल्या. जिना चढताना धाप लागायची. फळ्याखालचा खडू खावासा वाटायचा आणि मी तो खायचेही. रमजानमध्ये मात्र माझं पितळ उघडं पडायचं. बहिणींचे सहा-सात रोजे सुटायचे, माझे पंधरा. पुढे थंडीच्या दिवसांत एकटीने ते कजा करत बसायचं. अर्धा महिना नमाज नाही, रोजा नाही. अल्लाहलाच आपण जवळ नको असू, असं त्या वयात मला वाटायचं. हे कुणाला विचारायचं, तेही कळत नव्हतं.

सोळाव्या वर्षी किडलेली दाढ काढली. संध्याकाळी थांबलेलं रक्त रात्री पुन्हा सुरू झालं. सकाळी उशी भिजलेली. दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी अब्बांनी सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या स्टूल ओढून अम्मीशेजारी बसल्या आणि विचारलं, "हिची आजी, मावश्या, तुम्ही, कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का?"

अम्मी बोटं मोजायला लागली. नानीचा घोळणा. स्वतःची पाळी. मोठ्या खालाचं गर्भाशय पस्तिसाव्या वर्षी काढलेलं. मग ती धाकट्या खालापाशी आली आणि बोट तसंच धरून गप्प बसली.

रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. आजाराचं नाव आलं, व्हॉन विलब्रँड. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट तिथे चिकटून बूच बसवतात. त्यांना चिकटवणारं एक प्रथिन असतं, तेच आमच्यात कमी. तेच प्रथिन रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकालाही सांभाळतं. गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या या आजारात बऱ्याचदा ठीकच येतात. म्हणून खास तपासणी सांगणारं कुणीतरी भेटावं लागतं.

रक्त न थांबणं म्हटलं की लोकांना हिमोफिलिया आठवतो आणि तो मुलग्यांचा आजार मानला जातो. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातली हिमोफिलियाची व्याख्याही तो सहसा पुरुषांना होतो आणि बायकांकडून मुलग्यांकडे जातो, असंच सांगते. व्हॉन विलब्रँड मात्र मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होऊ शकतो. पाळी आणि बाळंतपण असल्यामुळे बायकांना त्याचा जाच जास्त. माझ्यासारख्या पहिल्या प्रकारात आई किंवा बाप एकाकडूनही तो येतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तिसरा प्रकार सगळ्यात तीव्र. तो दोघांकडून मिळून येतो, म्हणून नात्यात लग्नं होणाऱ्या घरांनी त्याची माहिती ठेवलेली बरी.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोही एका मुलीमुळेच. फिनलंडच्या एरिक फॉन विलब्रँड यांनी 1926 साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. त्यांच्याकडे आणलेली मुलगी पाच वर्षांची होती. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेल्या होत्या. ती स्वतः तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत गेली. हे मी पुढे कॉलेजात वाचलं आणि माझी चौथी पाळी आठवत बसले. नववीची सहामाही परीक्षा होती. मी मोजे घालून पेपर लिहीत होते.

रिपोर्ट घेऊन घरी आलो. अब्बांनी नानीला समजावून सांगितलं. नानी बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मग तिने विचारलं, "छोटी कू बी येईच था क्या?"

धाकटी खाला बाळंतपणानंतर आठव्या दिवशी गेली होती. बाळंतपण नीट झालं, बाळ गुटगुटीत, आणि मग घरी आल्यावर रक्त थांबेना. आमच्या घरात वीस वर्षं ती नजर लागून गेली, असंच सांगितलं जायचं. बाळाच्या अकीक्याला कोण कोण आलं होतं आणि कुणाची नजर वाईट, यावरून दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गरोदरपणात हे प्रथिन वाढतं आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरतं, त्यामुळे धोका नंतरच्या दिवसांत असतो. नानीने ते ऐकलं. महिन्याभराने ती स्वतः उठून त्या दुसऱ्या घरी गेली. तिथे काय बोलली ते कुणाला सांगितलं नाही.

मग मी मकतबच्या आपांकडे गेले, रिपोर्ट दाखवला आणि पहिल्यांदाच विचारलं की माझ्या नमाजेचं काय. आपांनी बहिश्ती जेवर काढलं. तेच पुस्तक नानीच्या फळीवर कापडात बांधून ठेवलेलं होतं. हनफी मसलकात पाळीची मुदत जास्तीत जास्त दहा दिवस. त्यापुढे जातं ते इस्तिहाजा. त्यात गुस्ल करून, नमाजेच्या प्रत्येक वेळेला वजू करून नमाज पढायची, रोजाही ठेवायचा. आपांनी फातिमा बिन्त अबी हुबैश यांची गोष्ट सांगितली. त्यांचं रक्त थांबत नव्हतं. त्या थेट पैगंबरांकडे गेल्या आणि मी नमाज सोडून देऊ का, असं विचारलं. सोडू नकोस, हे पाळीचं रक्त नाही, हे एका नसेतून येतं, असं त्यांना समजावलं गेलं. मी आपांसमोर रडले. चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने विचारलेला प्रश्न आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी एकमेकींनाही विचारला नव्हता.

आता पाळीत ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेते. ॲस्पिरिन घेत नाही. दाताला किंवा शरीराला कुठेही हात लावण्याआधी डॉक्टरांना आजाराचं नाव लिहून देते. रिश्ते यायला लागले तेव्हा अम्मी म्हणाली, सांगू नको. मी सांगितलं. एक रिश्ता परत गेला. दुसऱ्या मुलाने विचारलं, "मग काळजी काय काय घ्यायची?" त्याच्याशी माझा निकाह झाला.

बायांनो, सात दिवसांपुढे जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रुपयाएवढ्या गाठी पडत असतील, तर घरात सगळ्यांना असंच होतं म्हणून गप्प बसू नका. सगळ्यांना होतं, हेच डॉक्टरांना आधी सांगा.

गेल्या महिन्यात भाभीचा फोन आला. माझी भाची बारा वर्षांची आहे. पहिलीच पाळी, नववा दिवस. मागून अम्मीचा आवाज येत होता. "डॉक्टर कू फोन करके पूछ पैले. कित्ते दिन हुए वो बी लिख ले," ती भाभीला सांगत होती.