सुटीच्या आदल्या संध्याकाळी

नव्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले की घरातील मुले प्रथम काय पाहतात? लाल आकडे! कोणती सुटी रविवारी येऊन ‘वाया’ गेली, कोणती शनिवारला जोडून आली, याचा हिशेब पाच मिनिटांत पुरा होतो. त्या लाल आकड्याखाली बारीक अक्षरांत जे नाव छापलेले असते, ते मात्र सहसा कोणी वाचत नाही. मुलांना कशाला दोष द्यावा? आम्ही मोठी माणसे तरी ते कितीसे वाचतो?

आमच्या लहानपणी मात्र सुटी अशी फुकट मिळत नसे. तिची किंमत आदल्या संध्याकाळी मोजावी लागे, आणि ती वसूल करीत असत आमच्या शेजारचे वकीलकाका.

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंचवीस-तीस किलोमीटरांवर बेटमा हे आमचे गाव आहे. आमचे पूर्वज होळकरशाहीत कारकुनीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. कोकणातील आप्त आम्हांस ‘माळव्यातली मंडळी’ म्हणत, तर माळव्यातील शेजारी ‘दक्षिणी’ म्हणत. वकीलकाकांचे घर आमच्या घरास लागून होते. देपालपूर आणि इंदूर येथील कोर्टांत त्यांची वकिली चाले. संध्याकाळी पक्षकार गेले, दप्तर बांधून झाले, की ते ओट्यावर येऊन बसत. दुसऱ्या दिवशी सुटी असली म्हणजे आळीतील मुलांना हाक येई. मुले मराठी घरांतील असत, तशीच पाटीदार, राजपूत, बोहरी आणि शीख घरांतीलही असत. बोलणे निम्मे मराठीत, निम्मे हिंदीत चाले.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “उद्या छुट्टी का?” उत्तर आले नाही तर ते रागावत नसत. स्वतःच सांगू लागत. परंतु सांगताना त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक गोष्टीच्या आरंभी ते बजावीत, “हे ऐकलेलं आहे,” किंवा “हे लिहिलेलं आहे.” ऐकलेल्याचा त्यांना तिटकारा नव्हता. पण ऐकलेले लिहिलेल्याच्या जागी बसविलेले त्यांना खपत नसे. कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाची ती सवय असावी.

त्या ओट्यावर आम्ही प्रथम ऐकले की, साप्ताहिक सुटीमागेही कोणाचे तरी कष्ट आहेत. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे अर्ज केले, सभा भरविल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. “रविवारी उशिरापर्यंत लोळताना त्यांची आठवण ठेवा,” असे काका म्हणत. सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी ते विचारीत, “राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 लाच मंजूर झाली होती, मग ती पुरती अमलात आणायला दोन महिने का थांबले?” आम्ही गप्प. मग 1930 च्या 26 जानेवारीस देशभर घेतल्या गेलेल्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेची हकीकत निघे. देवी अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीस इंदुरात पालखी निघते. आमच्या घरच्या पंचांगात त्या दिवशी श्रावण वद्य चतुर्दशी असे आणि समोरच्या घरी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी! यावरून मुलांत एकदा हातघाईची वेळ आली होती. काकांनी समजावले की, आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. कृष्ण पक्षात महिन्याचे नाव तेवढे बदलते, वरचा चंद्र एकच असतो. इंग्रजी तारीख 13 ऑगस्ट 1795. “हे लिहिलेलं आहे,” असे त्यांनी जोडले. गुरु नानकदेवांचे पाय बेटम्यास लागले अशी श्रद्धा आहे आणि गावातील गुरुद्वारा बेटमा साहिब त्या श्रद्धेचे स्थान आहे. ती कथा सांगताना काका हात जोडत आणि म्हणत, “हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. इथे आपण वकिली करायची नाही.”

या सर्व संध्याकाळींपैकी एक आमच्या मनावर कायमची कोरली गेली आहे.

अनंत चतुर्दशीची रात्र आम्ही इंदुरात काढली होती. त्या काळी गिरण्यांची धुरांडी चालू होती आणि गिरणी कामगारांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या झाक्या रात्रभर रस्त्यांवरून फिरत. पहाटेच्या बसने आम्ही झोपेने पेंगत घरी परतलो. त्या दिवशी भाद्रपदातील पौर्णिमा होती. संध्याकाळी काकांची हाक आली, तेव्हा आम्ही कुरकुरलो, “काका, उद्या तर सुटी नाही!” ते म्हणाले, “नाही. पण कधीकाळी असावी. बसा.”

त्यांच्या हातात एक वही होती. इंदूरच्या एका ग्रंथालयात बसून त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 18व्या खंडातील एक लेख उतरवून आणला होता. द. बा. डिसकळकर या मराठी संशोधकाने प्रसिद्ध केलेला तो लेख आमच्याच बेटम्यास मिळालेल्या एका ताम्रपटाविषयी होता. परमार राजा भोज, धारचा तो सुप्रसिद्ध भोज, याने विक्रम संवत 1076 मध्ये, भाद्रपद शुद्ध पौर्णिमेस, नालतडाग नावाचे गाव एका विद्वान ब्राह्मणास दान दिले, असे त्यात आहे. इसवी सनाप्रमाणे ते वर्ष 1020 होय. दानाचा प्रसंगही ताम्रपटात दिला आहे: कोकणग्रहणविजयपर्व. त्याच संवताच्या माघातील, राजस्थानात बांसवाड्यास मिळालेल्या भोजाच्या दुसऱ्या ताम्रपटात ‘कोकणविजयपर्व’ असा उल्लेख आहे.

“म्हणजे बघा,” काका म्हणाले, “साडेनऊशे वर्षांपूर्वी या मुलखात एक पर्व पाळलं जात होतं. कारण काय, तर आपल्या राजानं कोकण घेतलं. हे ऐकलेलं नाही, तांब्यावर लिहिलेलं आहे.”

बाकीची मुले आनंदली. आपल्या गावचे नाव इतक्या मोठ्या ग्रंथात आल्याचा अभिमान आम्हांसही वाटलाच. पण दुसऱ्याच क्षणी मनात काहीतरी खुपले. आमचे कुळ कोकणातले, कुलदेवता कोकणात. आम्ही विचारले, “काका, मग त्या लढाईत आपण जिंकलो की हरलो?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी उलट आम्हांसच विचारले, “अमझेरा माहीत आहे?” धारच्या पलीकडे, याच वाटेवर पुढे ते गाव आहे. तेथे 29 नोव्हेंबर 1728 रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार रणांगणावर पडला आणि माळव्याची दारे मराठ्यांना उघडली. आमचे पूर्वज या मुलखात येऊ शकले ते त्या विजयामुळे. “त्या दिवसाची सुटी कोणी मागत नाही,” काका म्हणाले, “आणि समजा तू मागितलीस, तर हा तुझ्या शेजारी बसलेला मुलगा तुला काय विचारील? जे आज तू मला विचारलंस तेच.”

शेजारी आमचा राजपूत मित्र बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे पाहिले, आणि दोघांनाही हसू आले.

मग काकांनी गोष्टीचा शेवट सांगितला. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. भोजाचा हा विजय फार काळ टिकला नाही. मिरज येथे मिळालेल्या 1024 च्या ताम्रपटात कल्याणीचा चालुक्य राजा जयसिंह सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हिरावून घेतल्याचे सांगतो. म्हणजे चार-पाच वर्षांतच पर्वाचे कारण हातचे गेले. परमारांच्या दानपत्रांत राज्यवैभव चंचल असल्याचे बोल ठरलेलेच असतात. ते इतक्या लवकर खरे ठरतील असे भोजाला वाटले नसेल. विजय गेला, पर्व गेले. माळव्यात आज ते कोणास ठाऊकही नाही. तांब्याच्या पत्र्यांवर विजयाचे नुसते नाव उरले, आणि तेही एका विद्वानास गाव दिल्याची नोंद करावयाची होती म्हणून उरले.

“जिंकलो की हरलो, ते या कागदावरून ठरत नाही,” वही मिटीत काका म्हणाले. “पण सण सांगताना दोन्ही सांगावं. कोणाला आनंद झाला तेही, आणि कोणाला दुःख झालं तेही.”

वकीलकाका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांची मुले इंदुरात स्थायिक झाली आणि ओट्याच्या जागी दुकान आले. आळीतील मराठी घरेही एकेक करीत इंदूर, पुणे, मुंबई अशी पांगली. इंदूरच्या गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिलचे भोंगे 1991 मध्ये थांबले. कामगारांच्या झाक्या मात्र त्यानंतरही निघत राहिल्या, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आमचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मागे तो सहकुटुंब बेटम्यास आला होता. नातू दहा वर्षांचा. मराठी बोलतो, परंतु जरा जपून, घसरड्या वाटेवर पाऊल टाकावे तसे. एके दुपारी आम्ही सहज विचारले, “तिकडे तुम्हांला सुट्या कशाच्या असतात रे?” त्याने थँक्सगिव्हिंगची हकीकत सांगितली, आणि इतकी व्यवस्थित सांगितली की आम्ही चकित झालो. 1621 मध्ये प्लिमथ येथे वसाहतकऱ्यांनी पीक हाती आल्यावर मेजवानी केली आणि तेथील मूळ रहिवासी, वाम्पानोआग लोक, तीत सामील झाले. पुढे यादवी युद्ध पेटलेले असताना, 1863 मध्ये, लिंकनने नोव्हेंबरातील शेवटचा गुरुवार देशभर या आभारदिनासाठी नेमला, आणि 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार ठरला. एवढे सांगून तो थांबला आणि म्हणाला, “पण आजोबा, प्लिमथमध्येच काही लोक त्या दिवशी दुखवटा पाळतात. 1970 पासून. कारण नंतर त्यांची जमीन गेली, माणसं गेली. आमच्या टीचरनी दोन्ही शिकवलं.”

दोन्ही! आमच्या डोळ्यांपुढे एकदम तो ओटा आणि ती मिटलेली वही उभी राहिली.

मग त्याने विचारले, “आजोबा, वर्गात मला विचारतात, दिवाळी का करतात? गुढी का उभारतात? मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, आजोबांना विचार.”

मुलगा समोरच बसला होता. तो हसला, परंतु आमच्या मनाला ते लागले. दोष त्याचा नव्हता. त्याच्या लहानपणी आम्ही घरी प्रत्येक सण साग्रसंगीत केला. गुढी उभारली, गणपती बसविला, श्रीखंड-पुरणपोळीत काही कमी पडू दिले नाही. परंतु आदल्या संध्याकाळी त्याला जवळ बसवून “उद्या सुटी का?” असे एकदाही विचारले नाही. नोकरी होती, बदल्या होत्या. सबबी पुष्कळ सांगता येतील. वकीलकाकांनी जे शेजाऱ्यांच्या मुलांसाठी केले, ते आम्ही पोटच्या मुलासाठी केले नाही, हे सत्य त्यांपैकी कोणत्याही सबबीने झाकत नाही. परप्रांतात राहून मराठीपण टिकविले अशी शाबासकी आम्ही स्वतःस देत आलो. टिकविले ते काय, तर ताटातले पदार्थ! त्यांच्यामागची हकीकत आमच्याबरोबरच संपावयाची होती.

त्या दिवसापासून आम्ही एक नेम धरला आहे. सणाच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही फोन लावतो. तिकडे शनिवारची रात्र असते, नातू जेवून मोकळा झालेला असतो. त्याआधीचा आठवडा आमचा अभ्यासात जातो. जुनी पुस्तके काढतो, इंदुरास फेरी झाली तर ग्रंथालयात बसतो. या वयात पुन्हा विद्यार्थी होण्यात एक वेगळाच आनंद आहे. सौभाग्यवती म्हणतात, “परीक्षा नातवाची की तुमची?”

मागच्या वेळी रंगपंचमीची गोष्ट सांगत होतो. उत्तर हिंदुस्थानात रंग बहुधा होळीच्या दुसऱ्या दिवशी आटोपतो. इंदुरात मात्र फाल्गुन वद्य पंचमीस शहरभर गेर निघते, टँकरांतून रंगाचे फवारे उडतात, राजवाड्यासमोर माणसांचा समुद्र लोटतो, असे आम्ही रंगवून सांगितले. सांगण्याच्या भरात पुढे म्हणालो, “होळकर राजे स्वतः प्रजेबरोबर रंग खेळायला रस्त्यावर येत असत, तेव्हापासून ही चाल पडली.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग नातवाचा आवाज आला, “आजोबा, हे ऐकलेलं आहे की लिहिलेलं?”

ही खूण आम्हीच त्याला पहिल्या रविवारी शिकविली होती. आम्ही कबूल केले, “ऐकलेलं आहे, बाळा. लिहिलेलं कुठे सापडतं का ते पाहतो, आणि पुढच्या रविवारी सांगतो.”

“आमचा शनिवार,” तो म्हणाला.