कुमारवयीन मुले आणि घरचे ताट

पऱ्हाटीला कोणत्या दिवसांत काय हवे, हे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. पाती व फुले धरण्याच्या सुमारास ओलावा तुटला, तर गळून गेलेले बोंड पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाही, हे तो अनुभवाने जाणतो. परंतु पिकाविषयी जे घर इतके जागरूक असते, त्याच घरातील बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या वाढीचा हंगाम पुष्कळदा कोणाच्याही ध्यानात न येता निघून जातो. यास्तव या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

धर्मगुरूने भाकरी-भाजीविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. प्रभू येशूने याईराच्या कन्येस मरणातून उठविले, तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तिला काही खावयास द्या, असे त्याने लागलेच सांगितले, हे शुभवर्तमानात नमूद आहे. एवढा मोठा चमत्कार करूनही त्या मुलीची भूक प्रभू विसरला नाही. मग आपण ती कशी विसरावी?

आणि आपण ती विसरत आहो. सन 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 19 वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी 59 मुलींच्या रक्तात लाली कमी आढळली. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शंभरांत 31 होते. या वयात शरीर झपाट्याने वाढते, मुलींची मासिक पाळी सुरू होते, आणि त्यामुळे रक्त बनविणाऱ्या लोहाची गरज अधिक असते. नेमकी तेव्हाच मुलगी धुणीभांडी व स्वयंपाक यांत आईच्या हाताखाली येते आणि सर्वांच्या मागून जेवू लागते. घरभेटीच्या वेळी एका माउलीस आम्ही याविषयी विचारले. ती म्हणाली, "तिचं काय फादर, ती मागून जेवते. तिले सवय हाये." त्या माउलीच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता, तीही आपल्या माहेरी तशीच जेवत आली होती. परंतु वरण तळाला गेल्यावर आणि भाजी संपल्यावर जे उरते, ते रोज एकीच्याच वाट्याला आले, तर त्या सवयीचे मोल तिच्या रक्ताला द्यावे लागते.

आपल्या ताटातील बदलही विचारात घेतला पाहिजे. आमच्या या काळ्या जमिनीच्या भागात ज्वारीची भाकर हेच पूर्वी मुख्य अन्न होते. सन 1983 मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला, आणि सन 2025 पासून तेलंगणात शिधापत्रिकेवर माणशी 6 किलो बारीक तांदूळ विनामूल्य मिळतो. या तांदळाने गरिबाच्या घरातील उपासमार टाळली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. तथापि शेतात ज्वारीची जागा कपाशी व सोयाबीनने घेतली, आणि चुलीवर भाकरीची जागा भाताने. पोट भरते, पण पांढऱ्या भातावर पातळ वरण एवढ्याने वाढते अंग भागत नाही. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकण्याची आपली जुनी चाल आहेच; तिच्याबरोबर घरापुरती ज्वारी पेरावी, सांडपाण्यावर शेवगा व आंबाडी लावावी. यास फार पैसा लागत नाही.

मोह म्हटला की पुष्कळांस दारूच आठवते. परंतु उटनूर येथील आदिवासी भगिनींची सहकारी संस्था त्याच मोहफुलांचे पौष्टिक लाडू बनविते, आणि ते वसतिगृहातील विद्यार्थिनींना देण्यात आले आहेत. एकाच फुलापासून घर मोडणारी वस्तूही होते आणि मुलीला बळ देणारा घासही. कोणती करावयाची, हे वडील माणसांच्या हाती आहे.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. या वयाची मुले उपदेशाने फारशी वळत नाहीत. ती संगतीने वळतात. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही धर्मग्रामातील कुमारांस एकत्र बसवून बोलत असतो. एकदा खर्ऱ्याचा विषय निघाला. तंबाखूप्रमाणेच नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, हे आम्ही सांगत असता एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, "फादर, पण खर्रा आणाले बाबाच मले पाठवतेत." त्यावर उपदेश तो काय करावयाचा? अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचा पदार्थ विकू नये, असा सन 2003 चा कायदा आहे; परंतु कायद्याचा पहारेकरी घरात बापच व्हावा लागतो. आम्ही त्या गृहस्थांची सायंकाळी शेतातच गाठ घेतली. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनी खर्रा सोडला असे आम्ही म्हणत नाही, परंतु मुलाला त्यासाठी पाठविणे त्या दिवसापासून बंद केले. एवढ्यानेही त्या मुलाच्या मनात बापाविषयीचा आदर वाढला, हे आम्ही पुढे पाहिले.

कुमारांचा खरा वाटाड्या कसा असावा, हे पाहावयाचे असल्यास तुरीन शहरातील संत योहान बॉस्को यांच्याकडे पाहावे. ते मुलांबरोबर अंगणात खेळत. सन 1854 मध्ये बारा वर्षांचा दोमनिक साव्हियो त्यांच्याकडे आला. संत होण्याच्या उत्कंठेने तो शरीराला कठोर क्लेश देऊ लागला, तेव्हा गुरूने त्यास मनाई केली, आणि आनंदी राहणे, खेळणे व आपले कर्तव्य चोख बजावणे हाच मार्ग दाखविला. आपल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. लॅटिन विधीच्या धर्मनियमांनुसार उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच लागू होते. अशक्त मुलीने जेवण सोडण्यापेक्षा पाकिटातील खारे पदार्थ व गोड थंड बाटली सोडावी, आणि वाचलेले पैसे गरिबाच्या डब्यात टाकावे. हा त्याग देवास निश्चित प्रिय होईल.

भ्रमणध्वनीविषयीही तेच. सन 2025 मध्ये संतपदी चढविलेले कार्लो अक्युतिस हे पंधराव्या वर्षी निवर्तले. संगणकात निष्णात असूनही त्यांनी आपल्या यांत्रिक खेळास आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता. मुलाने जेवताना फोन बाजूस ठेवावा असे वाटत असेल, तर वडिलांचा फोन आधी फडताळात गेला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने या वयास रोज निदान एक तास अंगमेहनत वा खेळ सांगितला आहे. तो तास मुलींनाही मिळावा. भांडी घासणे म्हणजे खेळ नव्हे.

मातापित्यांस आमचे मागणे थोडके आहे. दिवसातून एक जेवण सर्वांनी एका पंगतीत, एका वेळी करावे, आणि मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबरच वाढावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबाची फोड वा आवळा त्यास साहाय्य करतो. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी व वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मुले घेतात की नाही, हे विचारावे. मुलगी लवकर थकत असेल, जिना चढताना तिला धाप लागत असेल, तर आळशी म्हणून बोल न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्यावे.

पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराच्या काठी स्वतः निखाऱ्यांवर मासे व भाकर तयार ठेविली आणि रात्रभर थकलेल्या शिष्यांस जेवावयास बोलाविले. त्यांचे जेवण झाल्यावरच त्याने पेत्राला प्रेमाविषयी विचारले, आणि आपली कोकरे त्याच्या स्वाधीन केली. आपल्या घरातील कोकरेही त्याच प्रभूने आपल्या स्वाधीन केली आहेत. त्यांस शिकविण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून त्यांना जेवू घालण्याची सुबुद्धी तो आपणां सर्वांस देवो.