घोडेगावचा डीजे गिरणगावात

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की तासाभराच्या आत घोडेगाव येते. बहुतेक प्रवाशांना हे गाव ठाऊक असते ते एक वळण म्हणून. शनिशिंगणापूरला जायचे तर येथून आत वळायचे, आणि वळण्यापूर्वी चहा घ्यायचा! पण घोडेगाव काही वळणावर जगत नाही. गावात घोडेश्वरी देवीचे ठाणे आहे, कांद्याचे मोठे लिलाव होतात आणि शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवशी म्हशींच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या पाहुण्याला आपण देवदर्शनाला निघालो होतो याचा तात्पुरता विसर पडतो.

लग्नसराईत रात्री गावात ऐकू येतो तो डीजे. येथे डीजे म्हणजे माणूस नव्हे, हे शहरी वाचकांनी आधी ध्यानात घ्यावे. ‘डीजे आला’ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आणि तिच्यामागे धडधडणारा जनरेटर आला. ‘डीजे अडकला’ म्हणजे तो विजेच्या तारेला अडकला. जो माणूस हे सारे वाजवतो त्याला ऑपरेटर म्हणतात, आणि गाणी कोणती लावायची हे त्याच्याखेरीज सगळे ठरवतात.

असा एक ऑपरेटर माझा जुना विद्यार्थी आहे. मराठी घेऊन बी.ए. झाला, नोकरीची वाट पाहून कंटाळला, आणि कर्ज काढून त्याने ही भिंत उभी केली. धंदा बरा चालतो. तरी एकदा तो मला म्हणाला, “सर, माझ्याकडं लोक आवाज मागतात. गाणं कुणी मागत नाही.”

त्यानेच मला सांगितले, की मुंबईत दर महिन्याच्या एका ठरलेल्या शुक्रवारी ‘अंडरग्राउंड’ डीजेंची रात्र असते. “तुम्ही लोकसाहित्य शिकवता ना, मग एकदा बघाच.” भूमिगत म्हटले, की मला 1942 साल आठवते, उषा मेहतांचे मुंबईतले गुप्त रेडिओ केंद्र आठवते. भूमिगतांनी तिकीट लावल्याचे मात्र ऐकले नव्हते. गेलो.

जागा निघाली लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. तिचे नाव सांगत नाही. तेवढे भूमिगतपण राहू द्यावे. याच भागात मथुरादास गिरणीच्या आवारात 2007 ते 2016 या काळात ‘ब्लू फ्रॉग’ नावाचे संगीतगृह होते, आणि मुंबईच्या नव्या संगीताची एक पिढी तेथे वाढली. त्याआधीची पिढी भोंग्यावर उठत होती. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत.

त्याच 1982 सालात, याच मुंबईत, आणखी एक गोष्ट घडली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन विद्युत्‌वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तबकडी निघाली, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे पाचएक वर्षांनी शिकागोत ‘ॲसिड हाउस’ नावाचे जे संगीत गाजले, त्याच्याशी या तबकडीचे विलक्षण साम्य आहे, हे जगाच्या ध्यानात आले ते ती 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा. सिंगांना उतारवयात परदेशांतून वाजवण्याची बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले. गिरण्यांची यंत्रे थांबली त्याच वर्षी दुसऱ्या यंत्रांनी भैरव आळवावा, याला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

रात्री अकराला दारावर आमच्या मनगटांवर शिक्के उमटले. आत खोली अंधारी, आमच्या कॉलेजातल्या दोन वर्गांएवढी. पेयांच्या किमती वाचून मी पाण्यावर भागवले. काही मंडळी नाचण्यापेक्षा आपण येथे आहोत याची छायाचित्रे काढण्यात गुंतली होती. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, एवढ्याच भांडवलावर चाललेले काही संवादही कानांवर आले. तोही भूमिगतपणाचा एक प्रकार असावा.

पण वाजवणारी पोर पाहण्याजोगी होती. चष्मा लावलेली, किडकिडीत, व्यासपीठावर नव्हे तर कोपऱ्यात उभी. समोर दोन यंत्रे, आणि कानयंत्र एकाच कानाला. माझा विद्यार्थी कानाशी येऊन ओरडला, “बघा सर, ते दुसरं गाणं अजून फक्त तिलाच ऐकू येतंय! दोन्हींची चाल जुळवतीय. जुळली, की ह्याचा बेस काढायचा अन् त्याचा घालायचा. लोकांना कळता कामा नये.”

आणि खरोखरच कळले नाही. एक गाणे केव्हा संपले हे समजण्यापूर्वी आपण दुसऱ्यात असतो. मध्यंतरी लोक थकले, पांगू लागले. घोडेगावात अशा वेळी आवाज वाढवतात. तिने ठेकाच काढून घेतला. अर्धा मिनिट नुसता एक सूर लोंबकळत राहिला. पांगणारे थबकले, वळले, आणि ठेका परत आला तेव्हा सारी खोली एकदम उसळली. मला आमच्याकडचे जागरण आठवले. वाघ्याही दिमडी अशीच मध्येच रोखून धरतो, पेंगणाऱ्यांकडे एक नजर टाकतो, आणि मग सोडतो. रात्र जागवायची तर जमावाची नाडी हाती लागते, आवाज पुरत नाही.

भूमिगत हा शब्दही काही मुळात हौसेचा नाही. 1977 मध्ये शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब निघाला, आणि फ्रँकी नकल्स तेथे वाजवू लागला. तेथे येत ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण. त्यांना इतरत्र उघडपणे नाचायला जागा नव्हती. ‘हाउस’ हे नाव त्या वखारीवरूनच पडले, असे म्हणतात. आज लोअर परळच्या दारावर त्याचे तिकीट लागते, हे त्या मंडळींना कितपत रुचले असते?

बाहेर पडल्यावर विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ह्यांना भिंती आहेत, सर.” 2000 सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झालाच पाहिजे, बंदिस्त सभागृहाला त्यातून सवलत. ज्याच्याकडे सभागृह नाही त्याची वरात दहाला मुकी होते. त्याच्या बोलण्यातला सल मला कळला, तरी मी नियमाच्याच बाजूचा आहे. ट्रॉली दारावरून जाताना ज्यांच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, ज्या घरात कोणी हृदयविकाराने अंथरुणावर असते, त्यांना विचारावे. मी तसे बोललोही. “मला काय ठाऊक नाही का?” तो म्हणाला. “माझी आईच कानांत कापूस घालून बसती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरच्या माळीवाडा स्थानकात आम्ही घोडेगावच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. एकाएकी त्याने विचारले, “सर, संबळाची गती मिनिटाला किती भरत असंल?” वर्गात ऐकवण्यासाठी मी जपून ठेवलेले एका गोंधळाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर होते. ते लावले. मी घड्याळ धरले आणि तो गुडघ्यावर बोटे आपटीत मोजू लागला. शेजारच्या आजीबाई लेकराला कुशीत घेऊन संशयाने आमच्याकडे पाहत होत्या.

“एकशे चोवीस,” तो म्हणाला. “बसतंय, सर. तिच्या ठेक्यात बसतंय.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परवाच्या हळदीचे गिऱ्हाईक होते. भिंत आणखी उंच हवी म्हणत होते. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “भिंत आहे तेवढीच येईल, भाऊ. अन् दहाच्या आधीची शेवटची पंधरा मिनिटं मी माझ्या मनानं वाजवणार. चालत असंल तर सांगा, नाहीतर सुपारी दुसऱ्याला द्या.” पलीकडचे उत्तर मला ऐकू आले नाही. गाडी लागली होती, आणि जागा धरायला मी पुढे धावलो.