पनवेलचें बंदर आणि 'हाथी'

धाकट्या नातवास घेऊन आम्ही पनवेलच्या बंदरावर गेलों, तेव्हां भरती नुकतीच लागली होती. खाडीचें पाणी चिखलावरून हळूहळू वर सरत होतें. याच वाटेनें एके काळीं मुंबईचा प्रवासी होडींतून उतरे, आणि १८३० सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या सडकेनें पुण्याकडे जाई. १८६३ सालीं आगगाडी घाट चढूं लागली आणि पनवेलचें हें महत्त्व ओसरलें.

बंदरावर जाळें सांधीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाशीं बोलणें निघालें. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबई बंदरांत एका लहानशा टगवर खलाशी होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांस ओढून वा ढकलून धक्क्याला लावणारी, अंगानें ठेंगणी पण दांडग्या यंत्राची बोट. वडील अभिमानानें सांगत तें मात्र स्वतःच्या बोटीविषयीं नव्हे, आरमाराच्या 'हाथी'विषयीं! ही टग १९३२ सालीं हाँगकाँगच्या ताइकू गोदींत बांधलेली, ६६८ टनांची. लढाऊ जहाजांवर ग्रंथ लिहिले जातात. टगच्या वाट्याला नामावलींतील एकदोन ओळी येतात.

मग गोष्ट १४ एप्रिल १९४४ कडे वळली. त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ही आगबोट उभी होती. पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच्या शेजारीं कापसाच्या गांठी! चुलीपाशीं रॉकेलचा डबा ठेवणाऱ्या सुनेला आपण काय म्हणूं? दुपारीं धूर दिसला. बोटीचें यंत्र दुरुस्तीसाठीं मोकळें केलेलें, तेव्हां आपल्या बळावर ती हलूं शकत नव्हती. बाहेर न्यायची तर टगनेंच. ओढून न्यावी कीं जागींच बुडवावी, याचा खल झाला आणि दोहोंपैकीं कांहींच झालें नाहीं. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानें दुसरा. 'जलपद्म' नांवाची भलीमोठी आगबोट उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. एकूण मृतांची संख्या आठशेंहून अधिक होती.

तांडेलाचे वडील तिसऱ्या दिवशीं घरीं परतले ते काजळीनें माखलेले आणि दोन्ही कानांनीं बहिरे होऊन. चार दिवसांनीं पुन्हां कामावर गेले व पुढें कित्येक आठवडे जळके पडाव ओढून काढीत राहिले. बहिरेपणाबद्दल कांहीं मिळावें म्हणून त्यांनीं एका कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, मिळालें नाहीं.

"बाबांना हाक मारायची म्हणजे खांद्याला हात लावावा लागे," तांडेल म्हणाला, आणि पुन्हां जाळ्याकडे वळला.

परततांना २०२४ सालीं खुल्या झालेल्या अटल सेतूवरून आलों. न्हावा-शेव्याच्या बाजूस एका प्रचंड जहाजाच्या कुशीला लागून एक टग त्याला ढकलीत होती. "आजोबा, ही हाथी का?" नातवानें विचारलें. ही दुसरी, असें आम्हीं सांगितलें. तिचें नांव वाचण्यासाठीं तो कांचेला नाक लावून बसला. पण मोटार पुढें निघून गेली होती.