गळती

गेल्या वर्षी पावसाळा सरताना नांदेडच्या घरी, जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर, रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग पडलेला दिसू लागला. आठवड्याभरात तो बशीएवढा झाला. शहाबादी फरशी तेल पिते. सोडा झाला, साबण झाला, लाकडाचा भुसा टाकून झाला. डाग काही हटला नाही. त्या डागावर उभी होती ती अण्णांची मोटारसायकल.

आम्ही दोघे बहीणभाऊ मराठी शिकवतो. भाऊ नांदेडला, बहीण लातूरला. हे टिपण दोघांनी मिळून लिहिले आहे, कारण यात सांगायची चूकही दोघांची आहे.

अण्णा अहमदपूरला गणिताचे शिक्षक होते. नांदेडहून निघाले की लोहा, मग अहमदपूर, पुढे चाकूर आणि लातूर. सुमारे १४० किलोमीटरच्या या वाटेवर आमचे घर साधारण मध्यावर पडते. अण्णांनी १९९७ साली ही शंभर सीसीची गाडी घेतली. त्याआधीची त्यांची गाडी टू-स्ट्रोक होती. तिच्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि पेट्रोलबरोबर जळून जायचे. मागे निळा धूर राहायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि फोर-स्ट्रोक गाड्या वाढत गेल्या तसा आमच्या रस्त्यांवरचा हा धूर हळूहळू ओसरला. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल जळून जाण्यासाठी नसते. ते खालच्या चेंबरमध्ये साठलेले असते, पंप ते वर चढवतो, आणि पिस्टन, गिअर, क्लच यांना न्हाऊ घालून ते पुन्हा खाली येते. या गाडीत ते लिटरभरही नसते, पण सगळे इंजिन तेवढ्यावर जगते. अण्णा म्हणत, "पेट्रोल संपलं तर गाडी थांबते. तेल संपलं तर मरते."

निवृत्तीनंतर त्यांचा एक नेम होता. रोज संध्याकाळी गाडी काढायची, चाकूरच्या दिशेने आठ-दहा किलोमीटरवरच्या एका टपरीवर चहा घ्यायचा आणि दिवेलागणीला परतायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते घराजवळच्या वळणावर घसरून पडले. हाताला प्लास्टर लागले, बाकी काही नाही. पण त्या दिवाळीत आम्ही दोघांनी विचार करून गाडीची किल्ली आमच्याकडे घेतली.

त्यानंतर अण्णा चिडके झाले. चहा गार झाला म्हणून, दूरदर्शनचा आवाज मोठा म्हणून, शेजारच्या मुलाचा चेंडू अंगणात आला म्हणून ते चिडत. आम्ही उपाय केले. जेवणातले मीठ कमी केले, रक्तदाबाची गोळी बदलून घेतली, डॉक्टर बदलले, शेवटी त्यांची खोलीही बदलली. प्रत्येक उपायानंतर आठ-पंधरा दिवस बरे जात आणि मग राग दुसऱ्याच कुठल्या तरी निमित्ताने बाहेर पडे. दोन वर्षांनी ते गेले. गाडी तोवर पत्र्याच्या शेडमध्ये उभीच होती. ती नांदेडला आणली आणि फरशीवर डाग पडू लागला.

नांदेडला चार ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या मिस्त्रींनी कांडी काढून पाहिली आणि तेल जास्त भरले आहे असे सांगून थोडे कमी केले. दुसऱ्यांनी मॅग्नेटच्या बाजूचे पॅकिंग बदलले. तिसऱ्यांनी चेनच्या पुढच्या लहान चाकामागचे ऑईल सील नवे टाकले. दर वेळी आठवडाभर फरशी कोरडी राही आणि मग डाग परत येई. चौथे म्हणाले, इंजिन पूर्ण उघडावे लागेल. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. तेव्हा भाऊ म्हणाला, भंगारात देऊ. बहीण नको म्हणाली. शेवटी असे ठरले, की दिवाळीपर्यंत गळती थांबली तर गाडी ठेवायची, नाहीतर विकायची.

खरे तर निदान हा आमच्या व्यवसायाचाच भाग. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पुढे तिथले प्राचार्य झालेल्या नरहर कुरुंदकरांचा (१९३२–१९८२) दाखला देऊन आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो, की निष्कर्षाशी भांडण्याआधी त्याच्या बुडाशी असलेले गृहीत शोधा. मोटारसायकलवरून निघालेल्या बापलेकाची कथा सांगणारे रॉबर्ट पर्सिगचे १९७४ सालचे पुस्तकही आम्ही विद्यार्थीदशेत वाचले होते, त्यावर हिरिरीने बोललो होतो. मात्र दोघांपैकी एकानेही हातात कधी पाना धरला नव्हता आणि गळतीच्या बाबतीत आपलेही काही गृहीत असू शकते, हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मिळून गाडी लातूरला न्यायचे ठरवले. पिशवीत तेलाची बाटली घेतली. लोहा, अहमदपूर, चाकूर अशा प्रत्येक ठिकाणी थांबून, इंजिन जरा निवू देऊन, कांडी पुसून तेल पाहिले आणि लागले तिथे भर घातली. लातूरला पोचेपर्यंत इंजिनाची डावी बाजू, मागच्या चाकाची रिम आणि बहिणीच्या ओढणीचे टोक, सगळे तेलकट झाले होते. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांपैकी एकाच्या आतल्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, असे कोणीसे सांगितले होते. त्यांना आम्ही सगळा इतिहास ऐकवला आणि गळती चेनच्या बाजूने आहे, असेही सांगून टाकले.

ते म्हणाले, "ते तुम्हाला दिसायलंय तिथलं झालं, सर. यायलंय कुठनं?"

मग त्यांनी जे केले, ते आधीच्या कोणी केले नव्हते. पान्याला हात न लावता आधी इंजिन धुतले. डिझेल, ब्रश, पुन्हा डिझेल, मग सुके फडके, तास गेला. तेल वरून खाली उतरते आणि गाडी चालली की वाऱ्याने मागे जाते. म्हणून रस्त्यावरून आलेल्या गाडीवर जे दिसते त्यावर विश्वास ठेवायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे. इंजिन कोरडे झाल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर ना तुम्ही? खडू आहे का?" बहिणीच्या पर्समध्ये दोन तुकडे निघाले. त्यांची बारीक भुकटी करून त्यांनी ती फडक्यातून इंजिनावर सगळीकडे चाळली आणि गाडी जागेवरच चालू ठेवली.

दहा मिनिटे आम्ही तिघे उकिडवे बसून पांढऱ्या इंजिनाकडे पाहत होतो. आधी नव्या सीलखाली भुकटी काळी पडली. मग क्लचच्या झाकणाच्या खालच्या कडेला. मग वर, टॅपेटच्या झाकणाशी. आम्हाला वाटले, आता तीन दुरुस्त्या. मिस्त्री मात्र खूश झाले.

"तीन पॅकिंगं एकदम कशी जातील? आतनं दाब यायलाय."

त्यांनी तेल भरायचे झाकण सैल केले. फुस्स करून गरम वाफ बाहेर आली आणि हातातले फडके हलले. मग त्यांनी इंजिनाच्या वरच्या भागातून निघून मागे खाली सोडलेली करंगळीएवढी रबरी नळी काढली आणि तोंड लावून फुंकली. हवा पलीकडे जाईना. तार घालून खरवडले तेव्हा आतून वाळलेल्या काळ्या मातीचे खडे पडले आणि त्यांच्याबरोबर काही सुकलेले कोळी. कुंभारीण माशीचे घर. ही माशी भोकात, फटीत, नळीत मातीच्या कोठड्या करते आणि पिलांच्या खाण्यासाठी त्यांत कोळी भरून ठेवते. उभ्या गाडीची नळी तिला सोयीची झाली होती.

मिस्त्रींनी कारण समजावून सांगितले. पिस्टन मिनिटाला हजाराहून जास्त वेळा खाली येतो आणि दर वेळी चेंबरमधली हवा दाबतो. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेने जळालेला थोडा वायूही खाली उतरतो. या सगळ्याला बाहेर पडायला ती एक नळी असते. ती बुजली की दाब वाढत जातो आणि जी जागा सर्वांत कमकुवत, तिथून तेलाला बाहेर ढकलतो. तिथले पॅकिंग बदला, दाब दुसरी जागा शोधतो. म्हणजे नांदेडच्या मिस्त्रींनी केलेली कामे वाईट नव्हती. ती बिघाडाच्या शेवटच्या टोकाला केलेली होती. नळी धुऊन पुन्हा बसवली, इंजिन पुसले, नव्याने भुकटी टाकली. अर्ध्या तासात फक्त क्लचच्या कडेला एक बारीक ओली रेघ उमटली. "एवढं राहू द्या. जुनी आहे," ते म्हणाले आणि शंभर रुपये घेतले.

त्या रात्री लातूरला गाडीचे कागद आवरताना त्यांच्यातच ठेवलेली अण्णांची छोटी वही पुन्हा हाती आली. ती आम्ही वर्षश्राद्धाच्या वेळी दोघांनीही वाचली होती. तारीख, किलोमीटर, "तेल बदलले", "चेन ताणली". आणि दर वर्षी, पाऊस उघडल्यावर, एकच शब्द: "नळी". तो शेतातल्या ठिबकाच्या नळीविषयी असेल असे ठरवून आम्ही तेव्हा पुढे गेलो होतो. गाडीच्या वहीत शेताची नोंद कशाला असेल, असा प्रश्न शब्दांचे अर्थ शिकवून पोट भरणाऱ्या दोघांनाही पडला नव्हता. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या दिवाळीची तारीख होती आणि दोन छोटी वाक्ये: "किल्ली मुलांकडे. नळी राहिली."

अण्णांचा राग आणि गाडीचे तेल यांची सांगड घालणे सोपे आहे. इतके सोपे, की एखाद्या विद्यार्थ्याने घातली असती तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढले असते. माणूस म्हणजे इंजिन नव्हे आणि म्हातारपणाच्या चिडीला दहा कारणे असतात. पण एक गोष्ट उपमेच्या बाहेरची आहे. गाडी उभी राहिली आणि अण्णांची संध्याकाळ बंद झाली, या दोन्ही घटना एकाच दिवशी, एकाच किल्लीने, आमच्या हातून घडल्या. पुढच्या दोन वर्षांत आम्ही मीठ, गोळी, डॉक्टर, खोली बदलत राहिलो. किल्ली घेणे चूक होते का, यावर आमचे आजही एकमत नाही. भावाच्या मते तो रस्ता त्यांच्या वयाला धोक्याचाच होता; बहिणीच्या मते निदान त्यांना विचारायला हवे होते. मागच्या सीटवर बसवून त्यांना टपरीपर्यंत नेता आले असते, हे मात्र तेव्हा दोघांनाही सुचले नाही. यावर मतभेद नाही.

परतताना आम्ही त्या टपरीवर थांबलो. चहावाल्याने आमच्याकडे पाहिले नाही, एमएच-२४ चा नंबर पाहून म्हणाला, "मास्तरांची गाडी ना?" आम्ही हो म्हटले. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. निघताना दोघांनीही वाकून गाडीखाली पाहिले. माती कोरडी होती.

गाडी विकलेली नाही. ती आता सहा महिने नांदेडला, सहा महिने लातूरला असते. यंदा पाऊस उघडल्यावर नळी काढून, धुऊन, फुंकून पाहिली आणि अण्णांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, तारीख, किलोमीटर आणि "नळी" एवढेच लिहिले.