दोन पेल्यांतील गोडवा

दांडीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी वाऱ्याबरोबर सुक्या बोंबलांचा वास येतो. त्या वासात बसून दोन परदेशी मद्यांच्या गोडव्याची चिकित्सा करण्याचा योग आमच्या वाट्याला येईल, असे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कधी वाटले नव्हते. आमचे एक स्नेही मालवाहू जहाजांवर उमेदीची वर्षे घालवून गावी परतले आहेत. त्यांनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या. एक अमेरिकेची बर्बन, दुसरी फ्रान्सची कोन्याक. दोन पेल्यांत बोटभर ओतून म्हणाले, "फादर, तुम्ही सांगा, ह्यातली गोड कोणती?"

प्रश्न गमतीचा नव्हता. स्नेह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. जी कमी गोड ती आपल्याला चालेल, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

आम्ही दोन्हींची चव घेतली. बर्बनला व्हॅनिलाचा, करपलेल्या साखरेचा आणि (वाचकांनी हसू नये) चक्क खोबऱ्याचा वास होता. कोन्याक जरा अबोल. मनुका, सुके जर्दाळू, फुलांचा पुसट दरवळ आणि शेवटी लाकडाचा तुरटपणा. "बर्बन गोड," आम्ही निकाल दिला. त्यांनी निमूटपणे बर्बन बाजूला सारली.

घरी येऊन पुस्तके चाळली आणि आमचाच निकाल आम्हांस बोचू लागला. जव्हार-मोखाड्याकडे मोहाची फुले खाऊन पाहावीत, गुळासारखी गोड. त्यांची दारू मात्र गोड नसते. काही साखर आंबताना संपते, उरलेली भांड्यातच राहते. वाफ होऊन वर जाते ते मद्य आणि वास. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो, पण मक्याची साखरही अशीच मागे राहते. मग गोडवा येतो कोठून? पिंपातून. बर्बन ओकच्या नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरते. त्या आगीने लाकडातून व्हॅनिलाचा वास सुटतो. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारे द्रव्यही अधिक असते. नाक गोडाची ग्वाही देते आणि जीभ त्यावर विश्वास ठेवते. कोन्याक आंबटसर पांढऱ्या द्राक्षांची, तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळलेली, निदान दोन वर्षे ओकमध्ये ठेवलेली. तिच्यात मात्र थोडी साखर घालण्यास तिकडच्या नियमांची मुभा आहे. अस्सल बर्बनमध्ये साखर घालता येत नाही. म्हणजे स्नेह्यांनी नाकारलेल्या पेल्यात साखर जवळजवळ नव्हतीच, आणि असलीच तर ती पत्करलेल्या पेल्यात होती!

हे ज्ञान आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना फोनवर कळवले. ते अर्धे होते, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

महिन्याभरात एका रात्री त्यांनी इन्सुलिन घेतले, बर्बन घेतली, आणि भूक नाही म्हणून जेवण टाळले. रक्तातील साखर उतरू लागली की यकृत ती भरून काढते. पण मद्य पचविण्यात गुंतलेल्या यकृताकडून ते काम नीट होत नाही. दरदरून घाम, जडावलेली जीभ, तोल गेलेला. घरच्यांना वाटले, चढली आहे, झोपू द्यावे. सूनबाईंना मात्र तो घाम नेहमीचा वाटला नाही. त्यांनी बोटाला सुई टोचून यंत्रावर पाहिले, आकडा ४२. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. मग रिक्षाने बोईसर.

नंतर भेटीस गेलो तेव्हा आम्ही मान खाली घालूनच बसलो होतो. बर्बनची बाटली आता स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याशेजारी, सूनबाईंच्या ताब्यात आहे. स्नेह्यांनी ती मागवून घेतली, बूच काढले, नाकाशी धरली आणि परत लावले.

"खोबऱ्याचा येतो, फादर. तेवढं तुमचं खरं."