शेवटचं ‘नाही’

तेरेखोलच्या किल्ल्याच्या तटाला टेकून उभं राहिलं की समोर नदीचं मुख, पलीकडे केरीची पुळण आणि उजवीकडे नुसता समुद्र. गोव्याचा हा एवढासा तुकडा नदीच्या उत्तरेला. मागे महाराष्ट्रातलं रेडी, आणि बाकीचा गोवा गाठायचा तर फेरीबोट. आपण सीमेवरची माणसं, आपल्याला अशा गावांचं काय कौतुक! तरी मोबाइलवर घटकेत गोवा, घटकेत महाराष्ट्र अशी अक्षरं उमटायला लागली तेव्हा मला हसू आलंच.

गोष्ट फेब्रुवारी 2009 मधली. बेळगावहून चाळीस जणांची सायकलफेरी निघाली होती. पहिल्या दिवशी चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली. दुसऱ्या दिवशी अस्नोडा, कोलवाळ, पेडणे, हरमल करत केरीचा धक्का, आणि फेरीतून तेरेखोल. वाटेत निरोपानिरोपीचं काम आम्हा पाच हॅमवाल्यांकडे होतं. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना घ्यायचा, आपला वायरलेस संच बाळगायचा आणि कुणाकडून एक पैसाही न घेता बोलायचं. मोबाइल असताना हे कशाला, असं लोक विचारतात. मोबाइलवर एकाशी एकजण बोलतो. आमच्याकडे एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू येतं. शिवाय टॉवर बंद पडला तरी आमची बॅटरी चालूच!

या नादाला मी लागले ती भारती प्रसाद यांच्यामुळे. डिसेंबर 2004 मध्ये त्या हॅम रेडिओच्या मोहिमेवर अंदमानात होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून तिथली खबरबात मुख्य भूमीवर पोचवली. पेपरात ते वाचलं आणि शाळेत मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या मला वाटलं, आपल्याला का जमू नये? मोर्सची कडकट्ट शिकले, परीक्षा दिली. परवान्यासाठी पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा गल्लीत काय काय चर्चा झाली ते इथे नको.

सायकलफेरीच्या आधी आम्ही पुष्कळ खबरदारी घेतली होती. त्यातली मोठी म्हणजे केरी. या वाटेवर दोन केरी लागतात. एक चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, सत्तरीतली, आणि दुसरी ही पेडण्यातली, समुद्राकाठची. ‘गाडी केरीत थांबली आहे’ असा निरोप आला तर कुठे धावायचं? त्यातून आमच्यातल्या एकाची मातृभाषा कन्नड. तो म्हणाला, आमच्याकडे केरी म्हणजे आळी, गल्ली. तुम्ही मला तिसरीच केरी दाखवाल! मग ठरलं, एक ‘घाटाची केरी’ आणि एक ‘फेरीची केरी’. या हुशारीवर आम्ही बेहद्द खूश होतो.

माझी जागा तेरेखोलला. दुपारी तीनपासून सायकली येऊ लागल्या. आलेल्या पोरांना बसवून ठेवायला मी गोष्टी सांगत होते. याच किल्ल्यावर 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी तिरंगा लावला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 ते 1961 आंबोलीच्या रानातून आणि पुढे आपल्या कॅसलरॉकहून गोवा मुक्तीचा गुप्त रेडिओ चालवला. आणि 1961 पर्यंत हॅमच्या जगात गोवा हा वेगळा देश धरला जाई, त्याचं सांकेतिक नाव सीआर-आठ. पोरांना शेवटचं फार आवडलं.

साडेचारला मोजदाद केली तर एकोणचाळीस. एक सोळा वर्षांचा मुलगा पेडण्याहून पुढे निघालेला, पण केरीच्या धक्क्यावर आलेलाच नव्हता. त्याचे वडील सामानाच्या गाडीबरोबर आधीच तेरेखोलला पोचले होते. बैलहोंगलकडचे, मराठी समजायचं पण बोलायचे कन्नडच. ओहोटीमुळे फेरी थांबलेली. नदी समोर, पोरगं पलीकडे कुठेतरी, आणि ते माझ्या हातातल्या संचाकडे बघत उभे.

शेवटची गाडी पालये आणि हरमलच्या मधे शोधत होती. आमचे हातातले संच पाच वॅटचे. त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की आवाज फाटतो. पेडण्यात डोंगरांना तोटा नाही. खरखरीतून आवाज आला, ‘पालयेपासून हरमलपर्यंत बघितलं... मुलगा सापडला...’ आणि संच गप्प.

‘अक्का, हुडुग सिक्कानेन्री?’ त्यांनी विचारलं.

‘सिक्कान्री!’ मी म्हटलं. अगदी ठणठणीत म्हटलं.

त्यांनी तिथल्या तिथे जमिनीला हात लावून तो डोळ्यांना लावला. मग रेंज शोधत तटाच्या कडेकडेने गेले आणि गावी बायकोला फोन केला. तिकडे तिनं देवापुढे दिवा लावला, हे ते परत येऊन मला सांगत होते. एकोणचाळीस पोरांना चहा पाजायचा म्हणून खिशातून पैसेही काढले.

दहा मिनिटांनी केरीचा आमचा माणूस गाडीला सांगताना ऐकू आला, ‘मांद्र्याचा रस्ताही बघा.’ माझ्या पोटात गोळा आला. मी बटण दाबून विचारलं, ‘मुलगा सापडला म्हणालात ना?’

‘सापडला नाही म्हणालो.’

शेवटच्या शब्दाच्या आत त्याचा अंगठा बटणावरून उचलला गेला होता, आणि नेमका ‘नाही’ हवेत विरला. पण खापर त्याच्या अंगठ्यावर फोडता येणार नाही. आलेला निरोप उलट वाचून दाखवायचा, समोरचा ‘बरोबर’ म्हणाला तरच पुढे द्यायचा, हा आमचा पहिला धडा. तो मीच नव्या मुलांना शिकवत असे. मी तो गाळला, कारण मलाही तेच ऐकायचं होतं.

त्या गृहस्थांना जाऊन सांगणं हे दहा पावलांचं काम होतं. ती पावलं आजही आठवतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘हंगार आकीगे एन हेळ्ली?’ मग आता तिला काय सांगू?

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी फोन केलाच नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तटावर न बोलता बसलो. चहा तसाच पातेल्यात गार झाला.

सातच्या सुमारास मुलगा सापडला. हरमलला चुकीचं वळण घेऊन मांद्र्याच्या बाजूला गेला होता, सायकलची चेन तुटली म्हणून देवळाच्या ओट्यावर बसून होता, शेंगदाणे खात. या वेळी निरोप मी तीनदा वदवून घेतला. बायकोला मधलं काही कळलंच नाही. तिच्या लेखी तो साडेचारलाच सापडला होता.

बेळगावला परत आल्यावर आम्ही यावर एक अख्खा रविवार घालवला. इंग्रजीत ‘नाही’ क्रियापदाच्या आधी येतं. मराठीत ते शेवटी, कन्नडमध्येही शेवटी. सापडला नाही, सिक्किल्ल. शेपूट तुटलं की उरतं ते नेमकं उलटं. दोन भाषा बोलणाऱ्या आमच्यापैकी एकाच्याही हे आधी ध्यानात आलं नव्हतं! तेव्हापासून आम्ही नकार आधी सांगतो, ‘नाही. सापडला नाही.’ आणि बोलणं संपलं की मनात एक आकडा मोजून मगच बटण सोडतो. घरातही सवय लागली आहे. सासूबाई एकदा फोनवर म्हणाल्या, ‘नाही. सिलिंडर आला नाही.’

पुढच्या वर्षी फेरी पुन्हा निघाली. तो मुलगा होता, वडीलही होते, आणि तेरेखोलला तटाशी माझ्याच शेजारी उभे होते. संध्याकाळी केरीहून आवाज आला, ‘सगळे पोचले.’ मी तो उलट वाचून दाखवला, पलीकडून ‘बरोबर’ आलं. मी वळून म्हटलं, ‘एल्लारू बंदार्री.’

ते नदीकडे बघत म्हणाले, ‘अक्का, इन्नोम्मे केळ्री.’

मी पुन्हा एकदा विचारलं.